आज कोणाची बारी?

धुळ्यातल्या देवपुरात आमच्या कॉलनीचे प्लॉट चाळीसेक वर्षांपूर्वी पडले, तेव्हा घेणारे सगळे नोकरदार होते. प्राथमिक शिक्षक, एसटीतले, झेडपीतले, पाटबंधारे खात्यातले. कर्ज काढून, एकेक खोली वाढवत त्यांनी घरं उभी केली. पुढे ओटा, मागे नहाणी, अंगणात निंबाचं झाड आणि गच्चीवर जायला बाहेरून जिना, कारण उन्हाळ्यात रात्री सगळं घर गच्चीवरच झोपायचं. त्या गच्च्यांवर झोपलेली पोरं आता पुण्यात, नाशकात, सुरतेत आहेत; काही परदेशात. घरात आधी दोघं उरली, मग एक. ते उरलेलं माणूस बहुतेक ठिकाणी बाई आहे, कारण आपल्याकडे नवरा वयाने चार-सहा वर्षं मोठा असतो आणि बाईला आयुष्यही जास्त. आमच्या गल्लीत चौदा घरं. त्यातल्या पाच घरांत रात्री दार लावणारं आणि सकाळी उघडणारं माणूस एकच.

"पोरं बघत नाहीत," असं बोलून आपण फार लवकर मोकळे होतो. मला ते पटत नाही. अमळनेर, धुळे, जळगाव इथल्या जुन्या कापड गिरण्या बंद पडल्या आणि तेवढ्या हातांना काम देईल असं दुसरं काही इथे उभं राहिलं नाही. वाटण्या होत होत वावर एकर-दोन एकरावर आलं. मग पोरगं सुरतेच्या गाडीत बसून उधन्याला उतरलं आणि लिंबायतला खोली घेऊन राहिलं, तर त्याने काय गुन्हा केला? ते रोज फोन करतं. पैसे पाठवतं. अलीकडे तर हॉलमध्ये कॅमेरा बसवून जातं आणि तिकडे बसून मोबाइलवर आई दिसते का ते बघतं. त्या बघण्यात जीव असतो. पण आई दिसली नाही तर पुण्याहून इथे पोचायला त्याला सात-आठ तास लागतात. त्या सात-आठ तासांचं काय करायचं, हे गल्लीनेच ठरवावं लागतं.

आमच्या गल्लीतल्या आक्का कंडक्टरच्या बायको. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, दोन्ही मुली सुरतेत. फोनवर मुलीने विचारलं की उत्तर ठरलेलं: "माले काय व्हयनं? मी बरी शे." एका पावसाळ्यात त्यांच्या स्वयंपाकघरातली ट्यूब गेली. सगळा पावसाळा त्या देव्हाऱ्यातल्या झिरोच्या बल्बवर आणि गॅसच्या जाळाच्या उजेडात भाकरी करत होत्या. मनगटावर चटक्यांचे डाग पडले होते, ते पदराखाली. गल्लीचं त्यांच्याकडे येणं-जाणं भरपूर. कोणी भरीत केलं की वाटी जाते, कोणाकडे बट्ट्या झाल्या की दोन बट्ट्या आणि वरण जातं. पण हे सगळं ओट्यापर्यंत. बाहेरच्या खोलीतली ट्यूब लख्ख होती, म्हणून आत अंधार आहे हे कळायला वाव नव्हता. मुलगी दिवाळीला आली, तिने स्वयंपाकघरात बटण दाबलं, तेव्हा ते उघड झालं.

"सांगायचं नाही का, आक्का?" असं सगळ्यांनी विचारलं. का सांगतील? एका ट्यूबसाठी कोणाच्या पोराला स्टुलावर चढवायचं? आणि त्याहून खोल एक धास्ती असते. आज ट्यूब बदलायला माणूस लागलं, उद्या सिलिंडर लावायला लागेल, मग परवा मुलगी म्हणेल की आता तू एकटी राहू नकोस, चल चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. मदत मागणं हीच आपलं घर सुटण्याची सुरुवात, असं या पिढीला वाटतं आणि पुष्कळदा ते खरंही असतं. म्हणून ती माणसं मागत नाहीत. "काही लागलं तर सांगा हं," हे आपलं वाक्य मनापासूनचं असतं, पण त्यात सगळा भार सांगणाऱ्यावर टाकलेला असतो. मदत मागावी लागू नये, ती आपोआप फिरत आली पाहिजे, आणि आज ती घेऊन येणारं माणूस कोण हे ठरलेलं पाहिजे. मला सांगायचं आहे ते एवढंच.

ही कल्पना माझी नाही. ती नानांकडून आली.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त. मूळचे साक्री तालुक्यातले, पांझराकाठचे, आणि त्यांचे वडील फडाचे पाटकरी. आपल्या खान्देशात आणि लागून असलेल्या बागलाणात, पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर काही शतकं फड बागायत चालत आली. नदीला बंधारा, बंधाऱ्यावरून पाट, पाटाखाली गावाची जमीन तीन-चार फडांत वाटलेली, आणि एका फडात सगळ्यांचं एकच पीक. नाना सांगतात, आपल्या वावरात पाणी घ्यायला मालकाने पाटावर जायचंच नाही. दार उघडायचं, चारी फिरवायची, हे काम पाटकऱ्याचं. राखणीला जागल्या. त्यांना धान्य मिळायचं. एखाद्याचा बाप वारला असो की तो तापाने फणफणलेला असो, त्याच्या वावराची बारी आली की पाणी जाणार. पाणी कमी असलं तर सगळ्यांनाच कमी. दुष्काळात कोणाच्या दारात जाऊन हात जोडायचे नाहीत. सरकारी नोकरीत त्यांनी मोठाली धरणं बघितली, पण बोलताना डोळ्यांत चमक येते ती वडिलांच्या त्या फावड्याची गोष्ट निघाली की.

पलीकडच्या कॉलनीत एक निवृत्त बाई घरातच वारल्या आणि दोन दिवस कोणाला कळलं नाही. दुधाच्या पिशव्या दारात पडून फुगल्या होत्या. दशक्रियेहून परत येताना सगळे हळहळत होते, आपण लक्ष ठेवलं पाहिजे म्हणत होते. नाना तेवढे म्हणाले, "सगळ्यांनी लक्ष ठेवायचं म्हणजे कोणीच ठेवत नाही. पाटकरी नेमा." त्या रात्री आमच्या ओट्यावर बसून चौदा घरांची बारी लागली.

ती कशी चालते ते जरा तपशिलात सांगते, कारण खुबी तपशिलातच आहे. एक आठवडा एक घर. बारी सोमवारी बदलते. एकटं राहणाऱ्या प्रत्येकाने सकाळी आठच्या आत दुधाची पिशवी आत घ्यायची आणि पुढचं दार उघडायचं. आठनंतर दार बंद दिसलं तर बारीवाल्याने हाक मारायची, उत्तर नाही आलं तर फोन, तोही नाही उचलला तर किल्ली. प्रत्येकाची एक जादा किल्ली समोरच्या घरात खिळ्याला. कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला: कोणत्या गोळ्या, कशाची ॲलर्जी, डॉक्टर कोण, मुलांचे नंबर मोठ्या अक्षरांत. आणि आठवड्यातून दोनदा तरी बारीवाल्याने आत, स्वयंपाकघरापर्यंत जायचं. पाणी प्यायच्या निमित्ताने जा, बरणी उतरवून द्यायच्या निमित्ताने जा, पण जा. ट्यूब, गॅसची नळी, फ्रिजमधलं दोन दिवसांचं तेच ते वरण, न फोडलेलं गोळ्यांचं पाकीट, हे सगळं तिथेच दिसतं.

शेवटचा नियम आक्कांनी घालून घेतला. सगळं ठरल्यावर त्या म्हणाल्या, "मन्ही बारी कधी शे?" आम्ही गप्प झालो, कारण यादीत त्यांचं नाव घेणाऱ्यांत होतं, देणाऱ्यांत नव्हतं. त्या चांगल्याच तडकल्या. आयुष्यभर गल्लीला बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, थापून दिलेली बाई. ज्वारी भिजवून, वाळवून, दळून, तो घाटा भल्या पहाटे चुलीवर शिजवायचा, चांगलाच जड, दोघींनी मिळून ढवळावा लागतो, आणि मिठाचा अंदाज फक्त आक्कांना. आता हात तेवढे चालत नाहीत, पण नजर चालते. म्हणून त्यांना कामं मिळाली. नोकरीला जाणाऱ्या दोन घरांचे सिलिंडर आणि कुरियर त्या घेतात. शाळा सुटून आलेली लहान पोरं आई येईपर्यंत त्यांच्या ओट्यावर. आणि रोज संध्याकाळी सात वाजता नानांना फोन करायचा, ही त्यांची कायमची बारी. कधी नानांना उशीर झाला तर त्या खडसावतात. पूर्वी या दोघांचं "कसं काय" पलीकडे बोलणं नव्हतं. आता कोणत्या सालच्या पुरात पांझरेचं पाणी कुठवर आलं होतं यावरून वाद रंगतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ साली सांगितलं की जगात दर सहा माणसांत एक जण एकाकी आहे आणि एकाकीपणाशी जोडलेले मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजारांच्या घरात आहेत. आपल्याकडे अजून "म्हातारपणी असंच वाटतं" म्हणून ते सोडून दिलं जातं. तसं सोडून देऊ नये. औषधाइतकंच ते बघितलं पाहिजे.

आणि खान्देशात तर उन्हाळा आहे. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ, धुळ्याचा पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला जातो, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसतं, सगळी दारं बंद. बंद दार ही आमची खूण त्या दिवसांत दुपारी निकामी होते, म्हणून मे महिन्यात बारी दिवसातून दोनदा. वय झालं की तहान कमी लागते. शरीराला पाणी हवं असतं, पण घसा मागत नाही. घामही कमी येतो. त्यात रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर पाणी आणखी उतरतं. म्हणून "पाणी प्यायलात का?" असं विचारून उपयोग नाही, हातात पन्ह्याचा किंवा ताकाचा पेला देऊन समोर बसावं. बोलणं असंबद्ध झालं, माणूस पेंगायला लागलं, तर वय झालंय म्हणून सोडून देऊ नये. ऊन लागल्याचीही ती खूण असते. अंगावर ओलं कापड, पंखा, आणि थेट दवाखाना. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

ऊन म्हातारी माणसं कशी नेतं हे थंड मुलुखांनीही भोगलं आहे. १९९५ च्या जुलैत अमेरिकेतल्या शिकागोत उष्णतेच्या लाटेत ७०० हून अधिक माणसं गेली, त्यांत एकटी राहणारी वयस्क माणसं फार. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये सुमारे १५ हजार गेली. मुलं-नातवंडं सुट्टीवर गेलेली होती. त्यानंतर तिथे कायदा झाला आणि प्रत्येक नगरपालिकेकडे एकट्या राहणाऱ्या वृद्धांची वही आली. लाट आली की त्या वहीतल्या नंबरांवर फोन जातात. आपल्याकडे ग्रामपंचायतीच्या, नगरसेवकाच्या पातळीवर अशी वही ठेवायला काही मोठा खर्च नाही. आशाताईंना गावातलं प्रत्येक घर माहीत असतं. वही त्यांच्या हातात देऊन, त्या कामाचे पैसेही त्यांना दिले तर मे महिना किती सुसह्य होईल!

नाना पडले ते मात्र थंडीत. पहाटे नहाणीत पाय घसरला, खुबा दुखावला, उठता येईना. मोबाइल पलंगावर. हाक मारली तर मोटारींच्या आवाजात कोण ऐकणार? पडलेल्या माणसाला पडण्याने होतं त्याहून पुष्कळदा जास्त नुकसान तासन् तास थंड फरशीवर पडून राहण्याने होतं: अंग गारठतं, शरीरातलं पाणी कमी होतं, दाबलेले स्नायू खराब होऊन त्याचा ताण मूत्रपिंडांवर येतो. आठ वाजले, दूध दारात. त्या आठवड्यात बारी जाधवांची होती. त्यांचा अकरावीतला मुलगा किल्ली घेऊन आत गेला, त्याने नानांना हलवलं नाही, पांघरूण घातलं आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला. हे त्याला आधी सांगून ठेवलं होतं. नाना आता काठी घेऊन चालतात. त्या दिवसापासून पाचही घरांत नहाणीची आतली कडी काढून टाकली, नुसता पडदा ठेवला, आणि मोबाइल गळ्यात अडकवायला दोरी आली. आक्कांनी पडद्याला चार दिवस विरोध केला. मग स्वतःच दोरी विणली, लाल लोकरीची.

कागदपत्रांचं काम बारीतच बसवलं आहे. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला. ऐंशीच्या पुढच्या केंद्र सरकारी पेन्शनरांना तो ऑक्टोबरपासूनच देता येतो. ज्यांनी जन्मभर कापूस वेचला, धुणी-भांडी केली, त्यांच्या बोटांचे ठसे मशीनवर उमटतच नाहीत. आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला होतो, तो गल्लीतली कोणीही कॉलेजची मुलगी करून देते. कामवाल्या मावशींची श्रावणबाळ योजना लागली, महिन्याला १,५०० रुपये. पंचाहत्तरीच्या पुढे एसटी ऑगस्ट २०२२ पासून फुकट आहे, पण बसची पायरी चढायला हात देणारं माणूस फुकट मिळत नाही, ते गल्लीलाच पुरवावं लागतं. १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन कागदावर सगळ्यात वर. २००७ च्या कायद्याने आई-वडिलांना प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाहखर्च मागता येतो, दरमहा १० हजारांपर्यंत. ज्यांच्यावर खरंच अन्याय होतो त्यांनी तो मागितलाच पाहिजे, आणि गल्लीने त्यांच्यासोबत प्रांत कचेरीत जाऊन बसलं पाहिजे.

गावाकडचं चित्र मला जास्त अस्वस्थ करतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी येते तेव्हा माझ्या सासरचं गाव ओसंडून वाहतं. सुरत, पुणे, ठाणे, जिथे कुठे भाऊबंदकी पांगली असेल तिथून माणसं येतात. कुलपं निघतात, जाळ्या झाडल्या जातात, नैवेद्याच्या रोटाचे गहू दळले जातात. दोन दिवस एका चुलीवर अख्खं कुळ जेवतं. सोमवारी कानबाईला नदीवर पोचवलं की संध्याकाळपर्यंत गाड्या निघायला लागतात. ज्या घरात काल पंगत बसली होती तिथे रात्री एकच ताट. ही ओढ खोटी नाही, खूप मोठी आहे. तिला वर्षातून दोन दिवसांऐवजी महिन्यातून एखादा दिवस मिळाला तर? एकेका भावाने एकेक महिना वाटून घेतला तर? कुळातल्या तरुण पोरांना मी हे दरवर्षी म्हणते. यंदा दोघांनी महिने घेतले.

पण कुळावर सगळं सोडता येत नाही. रोटासाठी गहू मोजतात ते घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. आक्कांच्या घरात पुरुष नाही. त्यांच्या मुली येतात त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोका खेळायला नाही तर आईची कपाटं आवरायला. भाऊबंदकी ज्यांना आहे त्यांना ती धावून येते. मुलगा नसलेली विधवा, नवऱ्याने सोडलेली बाई, दुसऱ्या जातीच्या वस्तीत भाड्याने राहणारा म्हातारा, यांना कोणाच्या मुठीत जागा? फडातही पाणी वावर असणाऱ्यालाच मिळायचं, भूमिहीनाला नाही. हे नानांनीच मला सांगितलं. म्हणून बारी रक्तावर, जातीवर लावून चालत नाही. ती घराच्या दारांवरून लावायची: हे घर, मग त्याच्या शेजारचं. आमच्या गल्लीच्या टोकाला इस्त्रीवाल्या चाचांची खोली आहे. त्यांचं दारही सकाळी आठ वाजताच्या यादीत आहे आणि त्यांची बारीही इतरांसारखीच लागते.

सातपुड्याच्या पायथ्याला तर आणखी वेगळं. तळोदा, शहाद्याकडच्या पाड्यांवरून दिवाळीनंतर जोडपी ऊसतोडीला गुजरातेत जातात. मागे राहतात म्हाताऱ्या आणि त्यांच्या ओटीत नातवंडं. त्या भागात लाह अजून माहीत आहे: कोणाचं घर शाकारायचं असो की नांगरट असो, सगळा पाडा येतो आणि घरधनी जेवू घालतो. पण तरणे हात तोडीवर गेले की लाह करायला उरतं कोण? तिथल्या आजींना रेशनच्या दुकानापर्यंतची वाटही डोंगर उतरून आहे. तिथे गल्लीची बारी पुरणार नाही. तिथे धान्य घरी पोचलं पाहिजे, आरोग्य सेविकेची फेरी चुकता कामा नये, आणि पोरांना आश्रमशाळेत ठेवून आजीचा भार हलका केला पाहिजे. हे सरकारचं काम आहे आणि ते त्याच्याकडून करून घेतलं पाहिजे.

आमच्या बारीपुढे सध्या अडचण आहे ती माणसांची. जोशी-पाटील ही दोन घरं मुलांकडे पुण्याला गेली, म्हणजे दोन आठवडे रिकामे. रिकाम्या झालेल्या एका घरात इंजिनिअरिंगची चार मुलं भाड्याने आली आहेत, चोपडा आणि शिरपूरकडची. ती स्वतःहून विचारायला आली की यादीत आमचं नाव का नाही. गुरुवारी त्यांना लवकर सुट्टी असते, म्हणून स्वयंपाकघरापर्यंत जायची फेरी गुरुवारची. आक्कांनी त्यांना एकच अट घातली आहे, "भाकर खाईसनच जावानं." आता त्या गुरुवारी दादर ज्वारीचं पीठ मावशीकडून आदल्या दिवशीच दळून आणवतात, आणि ट्यूबचा स्टार्टर कुठे लावायचा हे त्या पोरांनी त्यांना शिकवलं आहे.